प्राथमिक शाळेतील शारीरिक शिक्षण आणि आरोग्याच्या सवयी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा ते अकरा वर्षे वयाच्या मुलांना शिकवणारे शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरे लिहिताना खेळाचे स्वतंत्र प्रशिक्षण न घेतलेला, सगळेच विषय शिकवणारा वर्गशिक्षक डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण बहुतेक प्राथमिक शाळांत खेळाचा तास त्याच्याच वाट्याला येतो.

मुले मोकळी सोडली की खेळतातच. मग त्यांना मुद्दाम शिकवायचे ते काय?

मोकळा खेळ हवाच, त्याला पर्याय नाही. मात्र मोकळ्या खेळात चेंडू कोणाकडे जातो, हे पाच मिनिटे बाजूला उभे राहून पाहावे. जे मूल आधीच चपळ असते त्याच्याकडे तो पुन्हा पुन्हा जातो आणि ज्याला झेलता येत नाही ते मूल हळूहळू मैदानाच्या कडेला सरकते. तीन-चार वर्षे असेच चालले की त्या दोघांमधले अंतर इतके वाढते की कडेचे मूल ‘मला खेळ आवडत नाही’ असे म्हणू लागते, आणि आपणही तो त्याचा स्वभाव समजतो.

चालणे आणि धावणे वयाबरोबर येते. फेकणे, झेलणे, चेंडू टोलवणे, एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे वाकवत अलगद जमिनीवर येणे या गोष्टी मात्र दाखवाव्या लागतात, दुरुस्त कराव्या लागतात आणि त्यांचा भरपूर सराव करून घ्यावा लागतो. मूल अक्षर ओळखायला आपोआप शिकेल असे आपण गृहीत धरत नाही, तसेच हे आहे.

मुलांनी दिवसातून किती वेळ हालचाल करायला हवी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयोगटातील मुलांनी आठवड्याची सरासरी धरता दररोज ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस धाप लागेल असा व्यायाम तसेच स्नायू व हाडे बळकट करणाऱ्या हालचाली कराव्यात. मुलांच्या बाबतीत यासाठी वजने उचलण्याची गरज नसते. उड्या मारणे, लोंबकळणे, चढणे, ढकलणे आणि ओढणे पुरेसे असते. हे ६० मिनिटे सलग असण्याचेही बंधन नाही.

शाळेचा एकटा खेळाचा तास ही गरज भागवू शकत नाही. मधली सुट्टी, शाळेत चालत येणे, दोन तासांच्या मध्ये जागेवरच केलेली पाच मिनिटांची हालचाल आणि संध्याकाळचा खेळ मिळून ती भागते. तासापुरता निकष सोपा आहे : तासाचा किमान निम्मा वेळ प्रत्येक मूल प्रत्यक्ष हलत असले पाहिजे.

पण तासाचा बराचसा वेळ रांगेतच जातो. यावर उपाय आहे का?

आहे, आणि प्राथमिक वर्गाच्या खेळाच्या तासात करण्याजोगी याहून महत्त्वाची सुधारणा मला तरी दुसरी दिसत नाही. हिशोब करून पाहावा. ४० मुले, एक चेंडू, एक रांग. एका पाळीला २० सेकंद लागतात असे धरले तर ३० मिनिटांत ९० पाळ्या होतात आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला जेमतेम दोन येतात. तेच चाळीस जण चार-चारच्या दहा गटांत विभागले आणि प्रत्येक गटाला एक चेंडू दिला, तर त्याच ३० मिनिटांत प्रत्येकाला बावीस पाळ्या मिळतात. शिक्षक तोच, मैदान तेच, वेळही तेवढाच.

माझ्या वर्गातली एक मुलगी तासभर रांगेत अगदी शांत उभी असायची आणि मला तिचे कौतुक वाटायचे. एकदा सहज तिच्यावर नजर ठेवली तेव्हा लक्षात आले की तिची पाळी जवळ आली की ती बुटाची नाडी बांधायला खाली बसते आणि मागच्या दोघांना पुढे जाऊ देते. पूर्ण तासात तिने चेंडूला एकदाही हात लावला नव्हता. त्या दिवसापासून मी मोठी रांग करणे थांबवले, कारण न जमणाऱ्या मुलाला लपायला रांगेइतकी सोयीची जागा नाही.

गटांत काम घेतले की गोंधळ होईल ही भीती खरी आहे. म्हणून पहिले दोन-तीन तास केवळ थांबण्याची खूण शिकवण्यात घालवावेत : शिट्टी वाजली की चेंडू जमिनीवर, हात गुडघ्यांवर, नजर शिक्षकांकडे. ही खूण पक्की झाली की उरलेल्या वर्षभराचा वेळ वाचतो. सूचना तीन वाक्यांत संपवावी आणि मुलांना कामाला लावावे. राहिलेले बारकावे मुले हलू लागल्यावर गटागटात जाऊन सांगता येतात.

बाद करण्याचे खेळ घ्यावेत की नाही?

आहेत तसे घेऊ नयेत. अशा खेळात सर्वांत आधी बाद होते ते मूल ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे, आणि उरलेला वेळ ते इतरांचे खेळणे पाहत बसते. नियमात थोडा बदल केला तरी काम भागते. पकडापकडीत पकडले गेलेल्या मुलाने बाहेर न जाता जागेवर दहा उड्या मारून पुन्हा खेळात यावे, किंवा पाय फाकवून उभे राहावे आणि दुसऱ्याने पायांखालून सरपटत जाऊन त्याला सोडवावे. संघ पाडताना दोन म्होरक्यांना सर्वांसमोर गडी निवडायला लावण्याची पद्धत तर कायमची बंद करावी. शेवटी उरलेल्या मुलाला तो अपमान वर्षानुवर्षे आठवतो.

फेकणे आणि झेलणे शिकवताना नेमके कशाकडे पाहावे?

फेकताना पायांकडे पाहावे. नवशिके मूल समोर तोंड करून, दोन्ही पाय जोडून, फक्त कोपरापासून हात हलवून चेंडू फेकते. काही मुले ज्या हाताने फेकतात तोच पाय पुढे टाकतात. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे पडायला हवा आणि फेकण्याआधी डावा खांदा लक्ष्याकडे वळलेला हवा. ‘उलटा पाय पुढे’ असे नुसते सांगून लहान मुलांचा गोंधळ होतो. त्यापेक्षा जमिनीवर खडूने एक पाऊल काढावे आणि फेकताना डावा पाय त्या पावलावर पडू दे असे सांगावे. डावखुऱ्या मुलांसाठी दुसऱ्या बाजूला वेगळे पाऊल काढावे. या टप्प्यावर नेम मागू नये, लांब फेकायला सांगावे. नेमाच्या नादात मूल हात आखडते, तर दूर फेकायचे म्हटले की सगळे अंग वळवते आणि मूळ हालचाल आपोआप मोठी होते.

झेलताना चेहऱ्याकडे पाहावे. चेंडू येताच जे मूल मान वळवते किंवा डोळे मिटते, त्याला तंत्र सांगून काही उपयोग नसतो, कारण त्याला चेंडू लागण्याची भीती वाटत असते. त्याच्या हाती आधी हलकी ओढणी किंवा फुगा द्यावा. या वस्तू हवेत रेंगाळतात आणि लागल्या तरी दुखत नाही. त्यानंतर मोठा मऊ चेंडू, जमिनीवर एक टप्पा खाऊन येणारा. मग लहान चेंडू. छातीशी कवटाळून झेलणारे मूल चुकत नसते, तो झेलण्याचा आधीचा टप्पा असतो. नुसत्या हातांनी झेलणे पुढे सरावाने येते.

मैदान लहान आहे आणि साहित्य जवळजवळ नाही. तरी तास घेता येईल का?

घेता येतो. कागदाचे बोळे चिकटपट्टीने गुंडाळले की हलके चेंडू तयार होतात, जुन्या मोज्यात कापड भरून शिवले की फेकायच्या पिशव्या होतात, खडूच्या रेघेवरून तोल सांभाळत चालता येते आणि एका लांब दोरीवर सहा-सात मुले आळीपाळीने उड्या मारू शकतात. पावसाळ्यात वर्गातच बाकांच्या मधल्या जागेत तोल आणि ताणाच्या हालचाली घ्याव्यात. खेळाचा तास गणिताला देऊन टाकणे हा मात्र उपाय नाही.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणे किंवा खेळाचा तास बंद करणे योग्य आहे का?

दोन्ही अयोग्य आहे. धावणे ही शिक्षा आहे असे शाळेनेच शिकवले तर मोठेपणी त्याने आनंदाने धावावे ही अपेक्षा कशी ठेवायची? खेळाचा तास काढून घेण्याचा फटका तर बहुधा वर्गातल्या सर्वांत चुळबुळ्या मुलाला बसतो आणि हालचालीची निकड त्यालाच सर्वाधिक असते.

जाड मुलांकडे विशेष लक्ष कसे द्यावे?

ते लक्ष इतरांना दिसणार नाही असे द्यावे. वर्गासमोर वजन करणे, आकडा मोठ्याने वाचणे, ‘तुला तर जास्त पळायला हवे’ असे म्हणणे यांतून मूल सडपातळ होत नाही, ते खेळापासून आणि पुढे शिक्षकापासूनही दूर जाते. सर्वांना एकाच अंतराची शर्यत देण्याऐवजी ‘तीन मिनिटे न थांबता आपल्या गतीने चला किंवा धावा’ असे काम द्यावे, म्हणजे शेवटी पोहोचण्याची नामुष्की कोणावरच येत नाही. वजनाबद्दल खरोखर काळजी वाटत असेल तर पालकांशी एकांतात बोलावे आणि निदान डॉक्टरांवर सोपवावे.

दमा असलेल्या किंवा अपंग मुलांना बसवून ठेवणे अधिक सुरक्षित नाही का?

दमा नियंत्रणात असलेले बहुतेक मूल सर्वांबरोबर खेळू शकते. त्याला थेट वेगात धावायला न लावता आठ-दहा मिनिटे हळूहळू अंग तापवू द्यावे, डॉक्टरांनी खेळण्यापूर्वी इनहेलर घ्यायला सांगितला असेल तर त्याची आठवण ठेवावी आणि तो इनहेलर कार्यालयातील कपाटात कुलूपबंद न ठेवता मैदानावर हाताशी ठेवावा. छातीत घरघर किंवा सततचा खोकला सुरू झाला की खेळ थांबवून मुलाला ताठ बसवावे आणि इनहेलर द्यावा. त्यानेही श्वास मोकळा होत नसेल तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

अपंग मुलांसाठी खेळाचे चार घटक बदलून पाहावेत : जागा, काम, साहित्य आणि माणसे. चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी जागा थोडी अरुंद केली, कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडूत घुंगरू घातले, नियमात एक टप्पा जास्त दिला, की खेळ सर्वांचा राहतो. कोणता बदल चालेल हे त्या मुलालाच विचारावे. बहुतेकदा त्याने आधीच विचार केलेला असतो. गुण मोजायला बसवणे म्हणजे सहभाग नव्हे.

मोठ्या वर्गातील काही मुली अचानक खेळायला नको म्हणू लागतात. का?

मुलींमध्ये वयात येण्याचे बदल ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान सुरू होतात, म्हणजे प्राथमिक शाळेत असतानाच. बदलते शरीर, कपडे बदलायला आडोसा नसणे, पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृहाची गैरसोय ही कारणे मुली सहसा बोलून दाखवत नाहीत. मोकळा पोशाख चालेल असे आधीच जाहीर करावे, स्वच्छतागृहात पाणी, कडी आणि झाकणाची कचरापेटी आहे याची शाळेने खात्री करावी आणि पाळीबद्दलची माहिती पहिली पाळी येण्यापूर्वीच साध्या शब्दांत द्यावी. पाळीत खेळण्याने अपाय होत नाही. पोटात दुखत असेल त्या दिवशी कारण न विचारता हलके काम द्यावे.

उन्हात तास घ्यावा लागतो. काय काळजी घ्यावी?

शरीराच्या वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचा पृष्ठभाग मोठ्यांपेक्षा जास्त असतो आणि घाम कमी येतो, त्यामुळे हवा त्वचेहून गरम झाली की ती उष्णता मुलांचे शरीर लवकर शोषते. तास सकाळी ठेवावा, सावली शोधावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी सर्वांना पाणी प्यायला थांबवावे. चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणे दिसताच मुलाला सावलीत नेऊन ओल्या कापडाने गार करावे. असंबद्ध बोलणाऱ्या मुलासाठी त्याच क्षणी वैद्यकीय मदत बोलवावी.

हात धुण्याचे धडे दरवर्षी देतो, तरी सवय लागत नाही. कुठे चुकते?

बहुधा धड्यात नाही, नळावर चुकते. साबण लावून किमान २० सेकंद हात चोळावेत हे मुलांना पाठ असते. पण ४० मुलांना दोन नळ असतील आणि ओले करण्यापासून पुसण्यापर्यंत एकेकाला ४० सेकंद लागत असतील, तर सर्वांचे हात धुऊन व्हायला तेरा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची असेल तर मूल काय निवडेल, हे उघड आहे. इथेही प्रश्न रांगेचाच आहे. बादलीला तोटी बसवून धुण्याच्या जागा वाढवाव्यात, वर्ग पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडावेत आणि साबण मुलांच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर, नळाशेजारीच ठेवावा. जेवणाआधी आणि शौचानंतर या दोन वेळा कधीही चुकू देऊ नयेत.

‘का’ हे पटवण्यासाठी एक प्रयोग फार उपयोगी पडतो. दोन मुलांच्या तळहातांवर थोडे तेल चोळून त्यावर रंगीत खडूची पूड भुरभुरावी. एकाने नुसत्या पाण्याने आणि दुसऱ्याने साबणाने हात धुवावेत. पहिल्याच्या हातावर रंग तसाच चिकटून राहतो, कारण तेलकट थर पाण्याने सुटत नाही. साबण तो थर सोडवतो आणि त्याबरोबर जंतूही वाहून जातात. दुसऱ्याच्या हातावरही अंगठ्याच्या मागे, बोटांच्या बेचक्यात आणि नखांच्या कडेला रंग राहिलेला मुलांना स्वतःच दिसतो, आणि नेमक्या याच जागा रोज सुटतात. १५ ऑक्टोबर हा हात धुण्याचा जागतिक दिवस त्या दिवशी जरूर पाळावा, पण सवय १६ तारखेला साबण जागेवर आहे की नाही यावर ठरते.

हाच न्याय पाणी पिण्याला लागू होतो. शाळेचे स्वच्छतागृह घाण असेल तर मुले दिवसभर लघवी दाबून धरतात आणि जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. अशा शाळेत पाणी पिण्याचे महत्त्व सांगणारा तक्ता लावण्याआधी स्वच्छतागृह धुऊन घ्यावे.

दातांबद्दल वर्गात काय सांगावे?

दिवसातून दोनदा, त्यांपैकी एकदा रात्री झोपण्यापूर्वी, फ्लोराइड असलेल्या पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. याशिवाय एक गोष्ट पालकांपर्यंत आवर्जून पोहोचवावी. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि खोल खाचांमुळे ती लवकर किडते. ती येत असताना शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, म्हणून ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून तिथपर्यंत पोहोचवावा लागतो. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी मदत करावी.

आहाराविषयी बोलताना कोणत्या चुका टाळाव्यात?

पदार्थांवर ‘चांगला’ आणि ‘वाईट’ असे शिक्के मारू नयेत आणि कोणाच्या डब्यावर वर्गात टिप्पणी करू नये. डबा मूल भरत नाही. तो घरची परिस्थिती आणि घरच्यांचा वेळ भरतो. ‘रोज खाण्याचे’ आणि ‘कधीतरी खाण्याचे’ अशी विभागणी मुलांना समजते आणि कोणालाही लाजवत नाही. बक्षीस म्हणून चॉकलेट-गोळ्या वाटणे शिक्षकांनी स्वतः थांबवावे.

झोपेचा विषय शाळेने घ्यावा का?

जरूर घ्यावा, कारण त्याचे परिणाम वर्गातच दिसतात. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी सहाला उठणारे मूल रात्री नऊला अंथरुणात शिरलेले नव्हे, झोपलेले असायला हवे. झोपण्यापूर्वीचा तासभर मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवणे आणि फोन झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवणे, एवढे दोन नियम घरच्या मोठ्यांनीही पाळले तर पुरतात.

‘खेळामुळे अभ्यास बुडतो’ असे म्हणणाऱ्या पालकांना काय सांगावे?

हालचालीनंतर मुलांचे लक्ष अधिक चांगले लागते, हा कोणत्याही वर्गशिक्षकाचा अनुभव आहे आणि संशोधनही त्याच बाजूने आहे. पालकांना चटकन पटते ते डोळ्यांचे उदाहरण. चीनमधील ग्वांगझू शहरातील १२ प्राथमिक शाळांमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांत त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना, तर नेहमीचे वेळापत्रक असलेल्या शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले होते. दिवसाच्या उजेडात घालवलेला वेळ डोळ्यांचे रक्षण करतो. याखेरीज, १९८९ च्या बालहक्क कराराच्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे, हेही पालकसभेत सांगावे.

मैदानावर दुखापत झाली तर प्रत्येक शिक्षकाला काय माहीत असायलाच हवे?

नाकातून रक्त आल्यास डोके मागे टाकू देऊ नये. मुलाला पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे न सोडता चिमटीत धरावा. कायमचा दात मुळासकट निघाला तर तो मुळाला न धरता वरच्या पांढऱ्या भागाने उचलावा, शक्य असल्यास लगेच जागेवर बसवावा, नाहीतर दुधात ठेवावा आणि मुलाला अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावे. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी गोंधळले, त्याला उलटी झाली किंवा डोके दुखू लागले, तर त्या दिवशी ते पुन्हा खेळणार नाही. डॉक्टरांना दाखवावे आणि घरी फोन करावा.

मूल्यमापन कसे करावे? शर्यतीचा क्रमांक धरावा का?

क्रमांक धरू नये. एकाच वर्गातील दोन मुलांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर असू शकते आणि सातव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक मोठा असतो. त्या शर्यतीत आपण बहुतेक वेळा जन्मतारीखच मोजत असतो. एका तासाला पाचच मुले निवडावीत आणि ठरलेल्या एकाच कौशल्याची नोंद करावी : उलटा पाय पुढे पडतो का, खांदा वळतो का, फेकल्यावर हात पुढे जातो का. आठ तासांत चाळीस मुले होतात. सत्राच्या शेवटी त्याच नोंदी पुन्हा कराव्यात आणि मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या नोंदीशी करावी.

उद्यापासून सुरुवात करायची तर पहिले काम कोणते?

वर्गातले सर्वांत मागे राहणारे एक मूल मनात निश्चित करावे, त्याला सांगू नये. पूर्ण तासात चेंडू त्याच्या हाती किती वेळा आला, तेवढ्या रेघा वहीत ओढाव्यात. तासाच्या शेवटी रेघा पाचपेक्षा कमी भरल्या, तर पुढच्या तासाला गट आणखी लहान करावेत आणि त्याच मुलाच्या रेघा पुन्हा मोजाव्यात.